दाइवाच्या सात चुका

१९ जानेवारी, रविवार

दाइवाचा बूट गेला! एकच. डावा.

काल सभागृहात सूर्याची कॉफी झाली. नोव्हेंबरपासून डोंगरामागे दडी मारून बसलेला सूर्य अखेर शाळेच्या छपरावर आला. चमचाभरच, पण आला. गुड्नीने आपल्या दुकानातलं सगळं लोणी ओतून गोड धिरडी घातली होती. मी चार खाल्ली. कोण मोजतंय!

अख्खं क्राकूवीक गाव आत, आणि अख्ख्या क्राकूवीकचे बूट दाराशी. सगळे काळे, सगळे ओले. निघताना दाइवाला उजवा बूट मिळाला, डावा काही मिळेना. सगळे गेले तेव्हा कोपऱ्यात भलताच एक डावा उरला होता. एक नंबर लहान. तोच घालून, बोटं मुडपून, ती माझ्या हाताला धरून घरी गेली. वाटभर दोघी हसत होतो. "कोणीतरी आता दोन पायांची दोन माणसं आहे," असं म्हणाली. मला बरोबर समजलं: त्याचा एक पाय स्वतःचा, एक दाइवाचा.

२० जानेवारी, सोमवार

दाइवाने गावाच्या गटावर लिहिलं. फोनवर आधी मला वाचूनही दाखवलं नाही. लिथुआनियाहून आलेली बाई, पण एकटीने, आमच्या भाषेत लिहिलं! मी सकाळी कॉफी घेताना वाचलं:

"परवा सूर्याची कॉफीत माझी डावा बूट गेला आहे. कोणाचा पाय चूक आहे ते बघा. माझा बूट टाचेला लाल लोकर आहे. एक दुसरा डावा माझ्याकडे आहे, तो माझ्या नाही."

सगळं कळतं. लाल लोकरसुद्धा माझीच, मीच दिली होती तिला बूट ओळखता यावा म्हणून.

दहा मिनिटांत थोर्लाकुर आला. आमचा जुना मास्तर. शाळा सुटली, पण लाल पेन सुटलं नाही. तिचं सगळं वाक्यन्‌वाक्य पुन्हा लिहिलेलं, शुद्ध करून. खाली: "पाय चुकत नसतो, माणूस चुकतो. एकूण सात चुका."

त्याच्याखाली हसरी तोंडं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारी ती पिवळी तोंडं असतात ना, ती. दुपारपर्यंत चाळिसाच्या वर. गुड्नीचं, ब्रागीचं, शाळेतल्या बाईंचं. मग कोणीतरी तिसऱ्याच्याच विभक्तीवर वाद काढला. संध्याकाळपर्यंत तोच चालला होता.

बुटाबद्दल एका माणसाने एक शब्द लिहिला नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

मंगळवार. दाइवा वाचायला आली नाही. मी दोन कप मांडून बसले होते.

२२ जानेवारी, बुधवार

तलावावर गेले. गरम कुंडात मानेपर्यंत पाणी, डोक्यावर बर्फ पडतोय. गावाची खरी सभा तिथेच भरते. मी शिरले तशी सगळी जरा सरकली, जागा केली, आवाज खाली आले. मग पुन्हा चढले. विषय अर्थातच सात चुका.

ब्रागी म्हणाला, "अर्थ कळला ना? मग झालं! मी बर्फाचा नांगर चालवतो. रस्ता जरा वाकडा साफ झाला तरी माणूस घरी पोचतोच."

"तू वाकडाच साफ करतोस," गुड्नी म्हणाली. "माझं कुंपण गेलं गेल्या वर्षी."

"कुंपणच वाकडं होतं ते!"

"दात न घासताही चावता येतं, ब्रागी. म्हणून घासायचे नाहीत? ही भाषा बोलणारे आपण आहोत तरी किती? एखाद्या मोठ्या शहरातली एक पेठ! आपणच सैल सोडली तर उद्या बोलणार कोण— सील मासे?"

"सील निदान एकमेकांना दुरुस्त करत नाहीत."

मी ऐकत होते. दोघंही बरोबर वाटतात. मला स्वतःला चौदाव्या वर्षी शाळा सोडून कोळंबीच्या कारखान्यात जावं लागलं. जे काही वाचलं ते नंतर, सभागृहातल्या कपाटातून. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, जे हाती येईल ते. भाषा सुंदर लिहिलेली असली की मला पोटातून बरं वाटतं. पण गटावर एक ओळ लिहायची तर तीनदा वाचते आणि पुसून टाकते. मग त्या माणसाला सरळ फोन करते.

मी विचारलं, "बूट सापडला का तिचा?"

"कसला बूट?" ब्रागी म्हणाला.

हसरं तोंड टाकलं होतं त्याने! वाचलं काय मग?

२४ जानेवारी, शुक्रवार

थोर्रीचा महिना लागला. आज नवऱ्यांचा दिवस. माझा हाफ्लिडी गेला त्या वर्षी मी या दिवशी दार लावून बसले होते. पुढच्या वर्षी त्याच्या आवडीचा आंबवलेला शार्क आणला आणि उभ्या उभ्या एकटीने खाल्ला. हे तिसरं वर्ष. या वर्षी दाइवाला बोलावलं. शार्क एकटीने खायची गोष्ट नव्हे. वास तरी वाटून घ्यावा.

आली. पण ऐक आता, कागदा. ती माझ्याशी इंग्रजीत बोलली!

माझं इंग्रजी म्हणजे हो, नाही आणि मासा. ती जमिनीकडे बघत होती. मग हळूच आमच्या भाषेत म्हणाली, "चुकते ना. म्हणून."

"माझ्यासमोर चुक की! माझ्यासमोर कोण मोजतंय?"

"तू मोजत नाहीस. पण मी आता मोजते. तोंड उघडायच्या आधी मोजते."

मग सांगितलं. रेक्याविकला तिच्या मावसबहिणीच्या ओळखीची एक बेकरी आहे. काम करणारे सगळे लिथुआनियाचे. दिवसभर स्वतःच्या भाषेत बोलायचं. फेब्रुवारी संपायच्या आत हो की नाही कळवायचं आहे.

अकरा वर्षं ती इथे मासे साफ करते. हाफ्लिडी गेल्यावर सगळे केक घेऊन आले आणि गेले. ही रिकाम्या हाताने आली आणि बसून राहिली. मग पुस्तक उचललं आणि वाचायला लागली, अडखळत, एकेक शब्द. मी विणत होते. त्या दिवसापासून प्रत्येक मंगळवारी.

जाऊ नको म्हणायचं होतं. शार्क पुढे केला फक्त.

२५ जानेवारी, शनिवार

गटावर मागे मागे जाऊन हाफ्लिडीचं लिहिलेलं वाचलं. रोज सकाळी बोट काढायच्या आधी तो हवा कळवायचा. ऐकू येईल तसं लिहायचा. समुद्राचं स्पेलिंगसुद्धा दर आठवड्याला वेगळं! त्याच्याखाली नाश्त्याच्या वेळेला थोर्लाकुरची दुरुस्ती. त्याच्याखाली हाफ्लिडीचा बदाम.

मी तेव्हा चिडायचे. "त्या म्हाताऱ्याला कळत नाही का, सगळं गाव वाचतं!"

हाफ्लिडी हसायचा. "अगं, बायको गेल्यापासून सकाळी त्याच्याशी बोलतं कोण? मी दोन चुका वरून टाकतो त्याच्यासाठी."

ज्या सकाळी तो गेला त्या सकाळचंही आहे. 'वारा उतरला, जाऊन येतो.' त्यातही चुका आहेत. तेवढ्या एकाखाली दुरुस्ती नाही.

पण दाइवाला कोणी सांगावं की हा खेळ आहे? आणि तिच्यासाठी आहे का तो खेळ?

२७ जानेवारी, सोमवार

थोर्रीच्या पंगतीच्या समितीची बैठक. गुड्नी, ब्रागी आणि मी. शंभर माणसांच्या मुंड्या, वड्या, लोणच्यातलं मटण हे ठरायला पाच मिनिटं लागली. वर्षभरात कोणी काय घोळ घातला त्याची सोंगं ठरायला तीन तास!

मी जाताना ठरवूनच गेले होते. म्हटलं, या वर्षी थोर्लाकुर. असा काढू की जन्मात पेन हातात धरणार नाही. थडग्यांवरची अक्षरं दुरुस्त करत स्मशानातून फिरतोय. पाद्रीबुवांना प्रार्थनेत मध्येच थांबवतोय. आणि स्वर्गाच्या दारावरची पाटी चुकीची आहे म्हणून आतच जात नाही!

ब्रागी टेबलावर डोकं ठेवून हसला. गुड्नीने डोळे पुसले. घेतलं.

मग एकेक घर घेत गेलो. कोणाची गाडी खाडीत गेली, कोणी चुकून शेजाऱ्याचीच मेंढी कापली. कोणी सुटता कामा नये. मागे एकदा जुना पोस्टमास्तर सुटला होता, तर दोन महिने कोणाशी बोलला नाही. "मी मेलो का?" म्हणाला.

मी म्हटलं, "आणि दाइवा? बुटाचं?"

गुड्नीने यादी उलटी ठेवली.

"नको गं," गुड्नी म्हणाली. "बाहेरून आलेल्या माणसांवर आपण करत नाही. बरं दिसत नाही ते."

"लोकांना वाटेल आपण तिच्या बोलण्याला हसतोय," ब्रागी म्हणाला.

मी बोलू की नको करत होते. मग बोललेच, "गटावर हसलात की चाळीस जण."

ब्रागीने बिस्कीट कॉफीत बुडवलं आणि तुटेपर्यंत काढलं नाही. गुड्नी म्हणाली, "ते वेगळं गं. ते— पटकन होतं."

२८ जानेवारी, मंगळवार

वादळ. घाट बंद. दाइवा नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

आज मोठी गोष्ट झाली. नीट लिहिते.

घाट उघडला, दुकानात दूध आलं, मी दाइवाकडे क्लाइनुरचे गोड पीळ तळून घेऊन गेले. स्वयंपाकघरात दोन खोकी. एकात कप, कागदात गुंडाळलेले. मी खोक्याकडे बघितलं आणि तिने ते पायाने टेबलाखाली सारलं.

मी तिला बरं वाटावं म्हणून सांगितलं, थोर्लाकुरचं सोंग काढतोय! स्वर्गाच्या दाराचं सगळं करून दाखवलं. मला वाटलं हसेल. ती टेबल पुसत राहिली.

"आणि मी?" म्हणाली.

"तू काय?"

"माझं सोंग कधी?"

मी म्हटलं, "तुझं नाही गं, काळजी करू नको. बाहेरच्या माणसांवर—"

पुढचं तोंडातच राहिलं. तिने फडकं आपटलं. आणि मग आमच्या भाषेत, मोजायचं विसरून, धो धो बोलली—

"अकरा पंगत! अकरा वेळा मी नवीन कपडा घालते. अकरा वेळा आदल्या दिवशी पोट दुखतं— या वर्षी माझा नाव येईल. ब्रागीचा गाडी, गुड्नीची कुत्रा, पाद्रीची पँट, सगळ्यांचा येतो. मी टाळी वाजवते. घरी येते. माझा कधीच नाही! एकदा मी मासा समजून अख्खी पेटी बर्फ पाठवली परदेशात की कुठे, सगळा कारखाना हसला. मला वाटलं, आता नक्की! नाही. तुम्ही किती सभ्य लोक! पाहुण्याला कोणी हसत नाही. मला माहीत आहे. पाहुणा जातो म्हणून."

"पण गटावर हसले तेव्हा तुला—"

"तिथे ते मला नाही हसले. तिथे माझा बूट पण कोणी नाही वाचला. तिथे मी नव्हतीच!"

मी खाली बसले. अकरा वर्षं आम्ही समजत होतो की हे आपलं चांगलं वळण आहे. सगळं गाव समजत होतं. मी तिच्याच बाकावर, तिच्याच शेजारी बसून समजत होते!

क्लाइनुर तिथेच राहिले. नंतर दोघींनी खाल्ले. ती म्हणाली, तेल जास्त झालं आहे. खरंच झालं होतं.

३ फेब्रुवारी, सोमवार

थोर्लाकुरकडे गेले. भांडायला.

दार उघडलं. मी बूट काढायला वाकले, आणि वाकलेलीच राहिले. त्याच्या दाराशी त्याची जोडी. उजवा साधा. डाव्याच्या टाचेला लाल लोकर.

मी तो उचलला. "हा कोणाचा?"

"माझा," तो म्हणाला. "जरा सैल होतो हल्ली. म्हातारपणी पाय आक्रसतात म्हणे. मी दोन मोजे घालतो."

"थोर्लाकुर, ही लाल लोकर दिसते का तुला?"

"दिसते. मला वाटलं, गुड्नीने दुकानात काही खूण—"

"दाइवाने लिहिलं होतं! टाचेला लाल लोकर. तू तिची सगळी वाक्यं पुन्हा लिहून काढलीस, अरे बाबा! लाल लोकर हा शब्दसुद्धा तूच पुन्हा लिहिलास!"

असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता त्याचा. आधी पांढरा, मग लाल. स्टुलावर बसला. बूट मांडीवर घेऊन बसला, मांजर घ्यावं तसा.

"मी चुका वाचल्या," म्हणाला. "बूट वाचलाच नाही."

मला हसू फुटलं. थांबेना! भांडायला आलेली बाई भिंतीला धरून हसतेय, आणि तो म्हणतोय, "हसू नको, स्टेइनुन, हे भयंकर आहे." मग तोही.

कॉफी केली त्याने. मग मी गंभीरपणे सांगितलं, ती चालली आहे. त्याने साखरेचा खडा दातात फोडला.

"एक सांगू? राग मानू नको. तुम्ही सगळे तिच्याशी कसे बोलता? ती अडखळली की दुकानात लगेच इंग्रजी. शाळेत इंग्रजी. चूक केली तर सोडून देता. का? तिच्याकडून कसली अपेक्षाच नाही म्हणून. मी गुड्नीला दुरुस्त करतो, पाद्रीला करतो, तुझ्या नवऱ्याला केलं. मग तिलाच का सोडू?"

घरी येताना वाटलं, हे मला पटायला नको होतं.

शेवटी म्हणाला, "पण ती चाळीस तोंडं माझी नाहीत. आणि 'एकूण सात' मी लिहायला नको होतं. बेरीज कशाला केली मी?"

मी म्हटलं, "मग आता तूच तिचं सोंग काढ. सगळ्यांसमोर."

"मी? बाईचं?"

"मिशी काढावी लागेल."

"मिशीचं सोड. ती चिडली तर?"

"तर आपल्या दोघांनाही कळेल, कुठे चुकलो ते," मी म्हटलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

समितीत रणकंदन. गुड्नी अजिबात तयार नाही. "सगळ्या गावासमोर तिच्या बोलण्याची नक्कल? आपण गावंढळ ठरू!"

मी दाइवाचं सगळं सांगितलं. अकरा पंगती, नवीन कपडा, पोटदुखी. पाहुणा जातो म्हणून.

गुड्नी खिडकीकडे गेली. पाठ करून उभी राहिली. "दर वर्षी तिसऱ्या टेबलाशी बसते ती," म्हणाली. "निळ्या कपड्यात. मला वाटायचं, किती मजा येतेय बाईला."

ब्रागीने विचारलं, "तिला आधी विचारायचं का?"

"तुला कधी कोणी विचारलं?"

"मला? मला तर बोलावलं पण नव्हतं, तरी काढलं!"

ठरलं. विचारायचं नाही. कोणालाच विचारत नाहीत.

९ फेब्रुवारी, रविवार

तालीम. थोर्लाकुरने मिशी काढली! ओठ एवढासा आहे त्याचा. चाळीस वर्षं लपवला होता. ब्रागी थोर्लाकुर झालाय. वल्ह्याएवढं लाल पेन केलं आहे त्याने, खरोखरीच वल्हं रंगवून.

एक अडचण. थोर्लाकुरला चुका करता येत नाहीत. तोंडातून शुद्धच बाहेर पडतं. ब्रागी ओरडतो, "चुक ना, माणसा!" आणि तो घाम पुसतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ती उठून निघून गेली तर दोष माझा. हसता हसता कोणी नको तिथे जास्त हसलं तर? दाइवाच्या घरावरून गेले. खिडकीतून खोकी दिसली. आता चार.

काल मंगळवार होता. आली नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

घसा बसलाय, पाय सुजलेत, केसांना अजून शार्कचा वास येतोय. कालची पंगत सगळी लिहून काढते.

दाइवा आली. निळा कपडा. तिसऱ्या टेबलाशीच. मला दुरून हात केला. समोर मेंढीची मुंडी, डोळा काढून बाजूला ठेवलेला. शेवटी खाते ती. शहाजिऱ्याच्या दारूचे दोन झाले असतील.

ब्रागीची सोंगं, पाद्रीचं, सगळी झाली. लोक टेबलं बडवत होते. मग पडदा सरकला आणि थोर्लाकुर आला. पांढरी टोपी, कारखान्याचा रबरी एप्रन, एका पायात मोजा, दुसऱ्यात साधा बूट. मागून मास्तर झालेला ब्रागी, लाल लोकरीचा बूट त्याच्या पायात.

हॉल चिडीचूप. खरंच चिडीचूप! सगळ्यांना कळलं हे कोण. आणि सगळ्यांनी एकदम मान वळवून तिसऱ्या टेबलाकडे पाहिलं. मग लाजून पुन्हा मंचाकडे. मी पडद्यामागे दोरी धरून उभी.

थोर्लाकुर ओरडला, "माझी डावा बूट गेला!"

ब्रागीने वल्हं आपटलं. "एक!"

"पण तुमच्या पायात तर—"

"दोन! वाक्य पूर्ण करा!"

"अहो, माझा बूट तुमच्या पायात—"

"तीन! बूट नंतर, आधी विभक्ती!"

कोणी हसेना. एक खोकला ऐकू आला. थोर्लाकुरच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मी मनात म्हटलं, संपलं सगळं. गेली ही रेक्याविकला.

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज. दाइवा उभी राहिली होती.

"थांब!" म्हणाली. "मी असं नाही बोलते!"

थोर्लाकुर जागच्या जागी थिजला.

"माझा चूक तू चुकीचा करतोस! अकरा वर्ष लागली मला हे चूक शिकायला. नीट कर!"

आणि सगळं सभागृह फुटलं! छप्पर उडेल असं. ती टेबलांमधून चालत मंचावर गेली, ब्रागीच्या हातून वल्हं काढून घेतलं आणि मास्तरच्या समोर उभी राहिली.

"म्हण. 'कोणाचा पाय चूक आहे.'"

"कोणाचा पाय चुकला—"

"एक! परत."

"कोणाचा पाय चूक आहे."

"इथे ओढ. 'चूऊक.' बर्फ गिळल्यासारखा. परत!"

चार वेळा म्हणवून घेतलं. शेवटी साऱ्या गावाने एका सुरात म्हटलं— कोणाचा पाय चूऊक आहे! गुड्नी तर रडत होती, पावडर वाहून गळ्यापर्यंत. दाइवाने वल्हं वर केलं. "एकूण आठ चुका! बस खाली, थोर्लाकुर." आणि खाली वाकून ब्रागीच्या पायातला स्वतःचा बूट काढून घेतला. तसाच काखेत मारून टेबलाशी आली आणि मुंडीचा डोळा तोंडात टाकला.

पुढे नाच. अकॉर्डियन. नाच सुरू व्हायच्या आधी रीतीप्रमाणे पुढच्या वर्षीची समिती पुकारायची. नेमलेल्याला आधी विचारत नाहीत, आणि नाही म्हणायची सोय नाही. आम्ही तिघांनी ठरवलेली नावं कागदावर माझ्याच अक्षरात होती. गुड्नीने कागद घेतला, बघितला आणि घडी करून छातीत कोंबला. माईकवर म्हणाली, "पुढच्या वर्षी— थोर्लाकुर. शाळेतल्या बाई. आणि दाइवा."

टाळ्या. दाइवा ना हो म्हणाली, ना नाही. ब्रागीने तिला नाचायला ओढली. मी दोघांना बघत होते. तिचं तोंड लाल झालं होतं, पण नाचाने की कशाने, ते कळायला मार्ग नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आली! दोन कप. जिथे राहिलो होतो तिथून पुढे वाचलं. बेकरीचं तिने काढलं नाही, मी विचारलं नाही. ती वाचत होती, मी टाके चुकत होते. बाही उसवावी लागणार.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दाइवाने गटावर लिहिलं: "दुसरा डावा बूट माझ्याकडे आहे अजून. मालक येऊन ने." थोर्लाकुरने खाली फक्त, "आलो." एवढंच. मला तर चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. पाच मिनिटांनी दाइवानेच विचारलं, "किती?" त्याने लिहिलं, "एक. येताना सांगतो."

खोकी अजून आहेत. जाता जाता पाहिलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज बायकांचा दिवस. दाइवा सकाळी दारात, गुड्नीच्या दुकानातली ट्युलिप घेऊन. "बेकरीला फोन केली. नाही म्हटला. वेळ कुठे आहे? समितीचा काम आहे." आत येऊन बसली. कपाळाला आठ्या. म्हणाली, "मी गावाचे सगळे नाव घेते एकेक. तुझ्यावर अडकले. स्टेइनुन, तुझा सोंग शेवटचा कधी निघाला?"

आठवेना. मग आठवलं. मी चुकून मिठाचा केक केला होता, त्याचं. हाफ्लिडी माझ्या शेजारी बसून टेबलावर हात आपटत होता.

तो गेल्यानंतर नाही. एकदाही नाही. आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

दाइवाने कॉफीचा कप पुढे ओढला.

"पुढच्या वर्षी," म्हणाली, "पहिला तू."